गियरमागचा बिब्बा

त्या वर्षी आमच्या घरात तिघींनाही एक सूर पाठ झाला होता. ताई घरामागच्या माळावर बाईक पळवायची आणि पहिल्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या गियरला जाताना इंजिनाचा आवाज एकेक पायरी खाली उतरून पुन्हा चढायचा. आई चुलीपुढं भाकरी थापत असायची. तिला क्लच माहीत नव्हता की कार्बोरेटर. पण हात परातीत आणि कान माळावर. तिसरा गियर नीट पडला की भाकरी तव्यावर पडायची. इंजिन नुसतंच किंचाळलं, तर तिचा हात तिथंच थांबायचा. मी जोत्यावर बसून पत्रक लिहीत असायचे. सूर मलाही ऐकू यायचा, पण जगात एवढा अन्याय चाललेला असताना गियरकडं काय लक्ष द्यायचं, असं माझं मत होतं. मतं मला भरपूर होती.

आमचं घर उंब्रजपासून आत, उसाच्या रानात. पप्पा फौजेत. ट्रक चालवायचे, ट्रक सांभाळायचे, वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचे. अशाच एका सुट्टीत त्यांनी पुण्याच्या एका पोराकडून ही जुनी डर्ट बाईक ताईसाठी आणली आणि आणताना कुणालाही विचारलं नाही. उंच, हडकुळी, पुढचा मडगार्ड बगळ्याच्या चोचीसारखा वर गेलेला. तिला दिवे नाहीत, नंबर नाही, रस्त्यावर चालवायची परवानगी नाही. फक्त मातीतल्या शर्यतीसाठी. कुठं न्यायची तर पिकअपच्या हौद्यात दोरानं उभी बांधून. भावकीतली चार माणसं ओसरीवर येऊन सांगून गेली की पोरीच्या जातीला असली गाडी शोभत नाही. पप्पा म्हणाले, "म्या तिकडं बर्फात ट्रक हाकतो, ते तरी कुठं शोभतंय?" आणि चहा मागवला. मी लगेच त्या चौघांच्या विरोधात पत्रक लिहायला बसले होते. पप्पांनी कागद काढून घेतला. म्हणाले, "चहा पिऊन गेलेत ती लोकं. आता ऱ्हाऊ दे."

ताई तेव्हा मलकापुरात एका दुकानात हिशेबनीस होती. संध्याकाळी येऊन केस बांधायची, जड बूट चढवायची आणि माळावर जायची. घरात पेट्रोलचा, ऑईलचा आणि ओल्या मातीचा वास कायम असायचा. आई म्हणायची, "पावट्याच्या आमटीला बी गाडीचा वास मारतोय गं." पण माळावरून आलेल्या ताईच्या ताटात पहिली गरम भाकरी तीच टाकायची आणि गाडीवरचा चिखल ओल्या फडक्यानं पुसायचं कामही तिनंच अंगावर घेतलं होतं. गाय धुवावी तशी ती गाडी पुसायची. त्या पुसण्याचा या गोष्टीशी संबंध आहे.

आता माझं सांगते. मी कॉलेजातल्या एका गटात होते. आम्ही पत्रकं काढायचो. स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीला दार नाही, पत्रक. क्रशरची धूळ शाळेच्या डब्यात पडते, पत्रक. गटातल्या मोठ्यांनी मला शिकवलं होतं: पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत गुन्हा, शेवटी सवाल. गुळमुळीत लिहिशील तर लोक त्यात भजी बांधून खातील. मी कधीच गुळमुळीत लिहिलं नाही. आज तिशी ओलांडल्यावर लोक मला म्हणतात, जरा मऊ हो. का व्हायचं मऊ? मुतारीला दार बसलं ते पत्रकानं बसलं, विनंतीअर्जानं नाही. हे मी आजही तोंडावर सांगते. खाली जे सांगणार आहे त्यानं यात काही बदल होत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात ताई माळावर पडली. फार नाही, कोपर सोललं. दुसऱ्या दिवशी हँडलला काळा दोरा दिसला. त्यात ओवलेला एक काळा बिब्बा. दृष्ट लागू नये म्हणून आईनं बांधलेला. माझं डोकं सणकलं. त्याच आठवड्यात मी अंधश्रद्धेवर पत्रक लिहिलं होतं आणि माझ्याच घरात हे! मी कात्री आणली. शेजारची काकू उंबऱ्यात बसली होती, तिच्यादेखत तो दोरा कापला आणि आईला बिब्बा, दृष्ट आणि घर्षणाचे नियम यांवर एक भाषण दिलं. आई ऐकत राहिली. काकू तोंडाला पदर लावून हसत होती. माझं झाल्यावर आई एवढंच म्हणाली, "बरं बाई. जेवून घे." मला वाटलं, पटलं तिला. केवढी मूर्ख होते मी! आमच्या आईला एखादी गोष्ट पटायची तर ती आधी वाद घालते. "बरं बाई" म्हणजे तिनं काहीतरी वेगळं ठरवलेलं असतं.

त्यानंतर पंधरा दिवसांत गियरचं दुखणं सुरू झालं. पहिला पडायचा, दुसरा पडायचा; तिसऱ्यासाठी ताई बुटाच्या चवड्यानं लिव्हर उचलायची आणि काहीच व्हायचं नाही. इंजिन मोकळंच किंचाळायचं. दोन गियरच्या मधे गाडी अडकली, ना हा ना तो. त्याला मिस्त्री लोक खोटा न्यूट्रल म्हणतात, हे मला नंतर कळलं. कधी एक अख्खा दिवस सगळं छान चालायचं आणि माती वाळली की पुन्हा तेच. ताईनं क्लचची केबल बघितली, ढील बरोबर होती. ऑईल बदललं. गियरचा लिव्हर हातानं वरखाली करून बघितला. फरक नाही. फोनवर पप्पा म्हणाले, "बाहेरनं सुरू कर. आधी डोळ्याला दिसतंय ते साफ बघ, मग हाताला लागतंय ते. इंजिन उघडायचं सगळ्यात शेवटी." ताई म्हणाली, "बघितलं पप्पा सगळं." आम्हाला खरंच वाटत होतं की बघितलं.

असल्या गाडीतलं कळणारा जवळचा माणूस म्हणजे पलूसचा शिवाप्पा मिस्त्री. मूळचा जतच्या पलीकडचा. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि दोन्हींचा काला करून बोलायचा. पन्नाशीचा, बारीक, एका कानात भिकबाळीसारखी तार अडकवलेली, ती कशासाठी हे कुणाला माहीत नव्हतं. शेजाऱ्यांची पिकअप घेऊन ताई आणि मी गेलो. पत्र्याच्या त्या गॅरेजच्या दारात लिंबू-मिरची टांगलेली. बस. ताई गाडी उतरवतेय तोवर मी पिशवीतून पत्रक काढून शिवाप्पाच्या हातात दिलं आणि सुरू झाले. लिंबानं अपघात टळतात तर ब्रेक कशाला बसवता? तो गाडीपुढं उकिडवा बसून सगळं ऐकत होता.

"बरोबर हाय की तुझं, तंगी," तो म्हणाला. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. "पर लिंबू संध्याकाळी सरबताला बी चालतंय न्हवं?"

ताई हसली. मी हसले नाही.

मग त्यानं गाडी बघितली. घाई नाही. क्लच दोन बोटांनी ओढला, सोडला, ओढला. ऑईलच्या काचेत डोकावला. गाडी स्टँडवर उचलून मागचं चाक हातानं फिरवलं आणि गियरचा लिव्हर वर करून सोडला. पुन्हा वर करून सोडला. कान जवळ नेला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तंगी, टपरीवर तीन चहा सांगून ये जा. माझं नाव सांग, आलं जास्त घालंल." मी चहा सांगून आले तर तो हात पुसत उभा होता. "झालं."

"काय झालं होतं?"

"काय न्हाई. घाण बसलीवती." आणि एक मूठ त्यानं खिशात घातली.

ताईनं गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत एक फेरी मारली. गियर लोण्यात सुरी जावी तसे पडले. घरी आलो. आईनं गाडी पुसली. आठवड्यानं पुन्हा तेच दुखणं.

दुसऱ्या खेपेलाही अगदी असंच. चहा सांगायला मी, आणि परत आल्यावर "घाण हुती." फक्त या वेळी त्यानं विचारलं, "गाडी घरी कोण पुसतंय?" मी म्हटलं, आई. "हां" म्हणून त्यानं पाना खाली ठेवला. मग ताईकडं वळून म्हणाला, "रूपाताई, जरा हिकडं बाजूला ये." मी मधे पडले. "जे सांगायचं ते दोघींपुढं सांगा. लपवाछपवी नको." त्यानं माझ्याकडं बघितलं, लिंबू-मिरचीच्या शेजारी मी मागच्या खेपेला चिकटवलेल्या पत्रकाकडं बघितलं आणि म्हणाला, "चेनला तेल सोड म्हणत हुतो. दुसरं काय."

तिसऱ्या वेळी ताई चढावर होती. आमच्या माळाच्या टोकाला एक उभा चढ आहे, त्याच्या मध्यावर तिसरा गियर पडावा लागतो. पडला नाही. इंजिन किंचाळलं, गाडीचा जोर गेला, ती मागं आली आणि ताईच्या गुडघ्यावर पडली. आई परात टाकून अनवाणी पळाली. मी तिच्यामागं. ताईचा गुडघा टरबुजासारखा सुजला. सांगलीकडची शर्यत दीड आठवड्यावर आली होती आणि त्या शर्यतीसाठी तिनं वर्षभर दुकानातली एकही जादा सुट्टी घेतली नव्हती. ती रडली नाही. गुडघ्याला हळदीचा लेप लावून आढ्याकडं बघत पडून राहिली आणि म्हणाली, "मीच चुकत असणार. माझा पायच नीट पडत नसंल." हे मात्र मला सहन झालं नाही. दोनदा गाडी हातात घेऊन "घाण होती" एवढं सांगणारा माणूस निवांत, आणि वर्षभर घाम गाळणारी पोरगी स्वतःला दोष देणार! मी जोत्यावर बसले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं.

ते अजून माझ्याजवळ आहे. "पलूसच्या शिवाप्पा मिस्त्रीला जाहीर सवाल! दोनदा गाडी घेऊन काय दुरुस्त केलं ते न सांगणारा हा कारागीर की भामटा? एका फौजीच्या लेकीच्या शर्यतीत बिब्बा घालण्याचा अधिकार याला कुणी दिला? मुलगी पडली. उत्तर द्या!" बिब्बा घालण्याच्या ओळीवर मी फार खूश होते. चांगल्या चाललेल्या कामात मोडता घालणाऱ्याला याहून नेमका शब्द नाही. झेरॉक्स काढल्या, गटातल्या मुलांनी मोबाईलवरून गावोगाव पाठवलं, आणि बाजाराच्या दिवशी मी स्वतः पलूसच्या बाजारात उभं राहून वाटलं. एक गठ्ठा थेट त्याच्या गॅरेजपुढं.

शिवाप्पा बाहेर आला. फडक्याला हात पुसून त्यानं कागद घेतला आणि एकेक अक्षर लावत वाचला. "भामटा" त्यानं तसाच ओलांडला. पुढच्या ओळीवर मात्र त्याचं बोट थांबलं आणि चेहरा उतरला.

"तंगी," तो हळू म्हणाला, "बिब्बा म्या न्हाई घातला गं."

"मग कुणी घातला?"

"म्या काढला. दोनदा."

मला वाटलं, माणूस शब्दांशी खेळतोय. भोवती दहाबारा माणसं जमली होती आणि मला गर्दीपुढं बोलायची सवय होती. मी मोठ्यानं म्हटलं, "शब्दांचा खेळ नको मिस्त्री, सवालाला जवाब द्या!" दोघंतिघं हसले. एकानं शिट्टी मारली. शिवाप्पानं गर्दीकडं बघितलं. म्हणाला, "घरी जा. आईला विचारलंय म्हणून सांग." आणि आत गेला. माझ्यासमोर एका माणसानं आपली मोटरसायकल त्याच्या गॅरेजमधून ढकलत बाहेर काढली. मला त्या क्षणी काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला अभिमान वाटला.

घरी ताईनं पत्रक वाचलं आणि पडल्या जागेवरून माझ्याकडं भिरकावलं. "कुणाला विचारून लिवलंस हे?"

"तुझ्यासाठीच लिहिलं."

"माझ्यासाठी! त्याला धड विचारलंस तरी का, काय झालंतं म्हणून?"

"दोनदा विचारलं."

"विचारलंस का दरडावलंस? लय फरक असतो त्यात, आशे."

आई चुलीपुढं होती. वळून न बघता म्हणाली, "वाच बघू काय लिवलंयस." मी वाचलं. जोरात वाचलं, बाजारात बोलले होते त्याच आवाजात. बिब्ब्याच्या ओळीला आले तशी आईनं विचारलं, "बिब्ब्यानं गाडी बिघडती व्हय गं?"

मी हसले. "अगं, ती बोलायची पद्धत असते."

"तसं न्हवं," आई म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली. आमच्या आईची भाकरी करपलेली मी तोवर पाहिली नव्हती. मी ती करपलेली भाकरी खर्ड्याबरोबर खाल्ली आणि तरीही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही.

शर्यत जवळ येत होती. कराडच्या दोन मिस्त्रींना विचारलं, ते म्हणाले इंजिन पूर्ण उघडावं लागेल, आतला गियरचा काटा वाकला असेल, महिना धरा. ताई गुडघा शेकत बसली. मी ठरवलं, आपणच उघडायचं. गाडी दुरुस्त करावी असा काही माझा हेतू नव्हता. मला पुरावा हवा होता. मिस्त्रीनं काहीच केलं नाही हे मोबाईलवर चित्रण करून दाखवायचं आणि दुसरं पत्रक काढायचं. दुपारी मोटर सुरू करून पाईपच्या पाण्यानं गाडी धुतली, मोबाईल पेरूच्या फांदीला टेकवून सुरू केला आणि ताईला विचारलं, "आधी काय काढू?" ती ओसरीवरून म्हणाली, "पप्पा काय म्हणालेत? बाहेरनं सुरू कर. लिव्हरचा बोल्ट काढ. दहाचा पाना घे."

बोल्ट निघाला. लिव्हर दात्यांच्या दांड्यावर घट्ट बसला होता, दोन्ही हातांनी हलवत हलवत ओढला. निघाला तसा त्याच्या मागून काहीतरी काळं, चपटं, मातीनं सिमेंटसारखं झालेलं बाहेर आलं. मी ते नळाखाली धरलं. माती गेली. काळा दोरा निघाला, दांड्याभोवती सात-आठ वेढे घेतलेला. आणि वेढ्यांच्या मधोमध, लिव्हर आणि इंजिनच्या मधल्या फटीत पाचरीसारखा बसलेला, एक बिब्बा.

ते चित्रण माझ्याकडं आहे. त्यात माझा आवाज आहे: "हे बघा, मिस्त्रीच्या हलगर्जीपणाचा—" आणि मग बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज.

ताई लंगडत आली. तिनं बिब्बा तळहातावर घेतला, रिकाम्या दांड्याकडं बघितलं आणि तिला एका क्षणात कळलं. पायानं उचललेला लिव्हर आपोआप मधल्या जागेवर परत यावा लागतो. तो परत आला तरच पुढचा गियर पडतो. हा मागं अडकून होता. दोरा ओला असताना मऊ, म्हणून चालायचं. माती वाळली की दगड. "आई गं," ताई म्हणाली. हाक मारल्यासारखी नाही, पण आई दारातच उभी होती.

"हँडलला बांधलावता तर हिनं कापून टाकला," आई म्हणाली. माझ्याकडं न बघता, ताईला सांगत होती. "चारचौघांत. म्हटलं, हिला दिसणार न्हाई असा बांधावा. खाली, पायाजवळ. पाय सांभाळंल तुझा. तर दोनदा गायब झाला. मला वाटलं, हिनंच पुन्हा कापला. म्हणून परत बांधला, जरा आत सारून." मग तिनं ताईच्या गुडघ्याकडं बघितलं. "मला काय ठावं गं, तिथंच त्याचं सगळं असतंय म्हणून. माझ्यामुळं पडलीस."

पत्रक लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी एक सोय असते. दोषी सापडलेला असतो. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, बघ, सांगत होते ना अंधश्रद्धेचं, हेच ते. ताईनं माझ्याकडं असं बघितलं की ते वाक्य मी गिळलं. आणि गिळल्यावर मला ते सगळं उलटं दिसायला लागलं. हँडलवरचा दोरा कुणाला नडत नव्हता. तो तिथून खाली सरकला माझ्या कात्रीनं. मिस्त्रीची मूठ, तो चहा, "जरा बाजूला ये", "म्या काढला, दोनदा". मी ओट्यावर बसले. आईच माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "त्या माणसाचं काय करायचं आता?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही तिघी पलूसला गेलो. पिकअप ताईनं चालवली, मागं हौद्यात गाडी बांधलेली, आई मधे, मांडीवर डबा; भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी. गॅरेजपुढं एकही गाडी नव्हती. शिवाप्पा आत एका जुन्या इंजिनाचे भाग सुटे करून ओळीनं मांडत बसला होता आणि ते मांडले होते माझ्या पत्रकांवर, कोऱ्या बाजूनं. मला बघून तो उठला नाही. मी पुढं होऊन बिब्बा त्याच्यापुढं ठेवला.

त्यानं तो उलटून बघितला. मग उठून दारामागच्या खिळ्यावरून दोन काळे दोरे काढून आणले. दोन्हींत एकेक बिब्बा.

"टाकून का दिले नाहीत?" मी विचारलं.

"आईनं बांधलेलं उकिरड्यावर कसं टाकू?"

"मग मला का नाही सांगितलं मिस्त्री? सांगितलं असतं तर..."

"तर काय?" तो पहिल्यांदाच चिडून बोलला. "माझ्या एका लिंबावर तू येवढं भाषण दिलंस. म्हटलं, ह्या पोरीला बिब्बा दावला तर घरी त्या माउलीचं काय करंल ही. रूपाताईला एकटीला सांगावं म्हटलं तर तू सोडतीस व्हय तिला एकटीला?"

आई पदर सावरत पुढं आली. तिला माफी मागायची होती, पण शिवाप्पानं तिला बोलूच दिलं नाही. "अव्वा, या हिकडं," म्हणून तिला गाडीपाशी नेलं. सीटखालच्या पोलादी नळीवर बोट ठेवलं. "हितं बांधा. हितं काय हालत न्हाई, काय फिरत न्हाई. जन्मभर ऱ्हाईल." आईनं गाठ मारली, आणखी एक मारली. मग त्यानं लिव्हरच्या मागची जागा तिला दाखवली, बोट फिरवून, लहान मुलाला चुलीचा विस्तव दाखवावा तशी. "आणि हितं फडकं बी लावायचं न्हाई." आईनं मान हलवली. दोऱ्याबद्दल माझं मत तेव्हा बदललं नाही, आजही बदललेलं नाही. पण मी कात्री आणली नव्हती.

शर्यतीचं सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात. ताई सुजलेल्या गुडघ्यानं पळाली आणि पाचवी आली. प्रत्येक चढावर तिसरा गियर पडला. दोरीमागं उभी राहून आई दर वेळी तो सूर ऐकून मान हलवत होती, आणि या वेळी मीही ऐकत होते.

पण त्याआधी, त्याच बाजाराच्या दिवशी, माझं एक काम राहिलं होतं. मी दुसरं पत्रक आणलं होतं. शिवाप्पाला वाचून दाखवलं. त्यात सगळं होतं: दोरा, बिब्बा, कुणी बांधला, का बांधला. आमच्या गटात सत्य अर्धं सांगत नसत. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "आईचं काढ त्यातनं."

"पण ते खरं आहे."

"खरं हाय म्हणून बाजारात मांडायचं व्हय? तुझं तू सांग की."

मी पेननं दोन ओळी खोडल्या. समोरच्या दुकानातून नव्या झेरॉक्स काढल्या. उरलं ते इतकंच: मागच्या बाजारी मी वाटलेलं पत्रक खोटं आहे. गाडीतला दोष आमच्या घरातला होता. शिवाप्पा मिस्त्रींनी तो दोनदा काढला. मी नीट न विचारता त्यांची बदनामी केली. खाली माझं पूर्ण नाव. शिवाप्पानं एक प्रत बोटांत चोळून बघितली आणि म्हणाला, "पुढच्या खेपंला कागद जरा जाड आण, तंगी. इंजिन मांडलं की भिजतोय."

मी त्याच जागी, त्याच बाजारात उभी राहिले. खोटं सांगत नाही, पहिलं पत्रक हातोहात गेलं होतं. हे कुणी घेईना. एका म्हाताऱ्यानं मात्र घेतलं. धोतर, डोक्याला मुंडासं, काखेत मेथीच्या जुड्या. त्यानं मागचंही वाचलेलं होतं, ते त्याच्या पक्कं लक्षात होतं.

"ते मागलं झ्याक हुतं गं," तो म्हणाला. "बिब्बा घातला, बिब्बा घातला. हे काय, सपक. मग बिब्बा हुता का न्हवता?"

"होता, आजोबा."

"मिस्त्रीनं घातला नव्हता?"

"नाही."

"मग घातलावता कुणी?"

पिकअपमध्ये आई बसली होती. काच खाली होती. डबा रिकामा होऊन तिच्या मांडीवर होता आणि ती माझ्याकडं बघत होती.

"मी," म्हटलं. "मीच घातला होता."

म्हाताऱ्यानं मला खालून वर बघितलं. कागदाची चौकोनी घडी करून मुंडाशात खोचली.

"म्हंजे मागलं पत्रक बरोबरच हुतं की," तो म्हणाला. "पहिल्या वळीतलं नाव तेवढं चुकलं."